माया

सोमवारी लेकीचं वजन केलं,
सहा किलो नऊशे.
डॉक्टर हसल्या, कार्डावर एक ठिपका वर चढवला,
म्हणाल्या, छान, अशीच वाढू दे.
मग दाराशेजारच्या काट्याकडे बोट दाखवलं.
मी चपला काढल्या, पर्स ठेवली,
मंगळसूत्रही काढावं असं क्षणभर वाटलं.
एकाहत्तर.
इथे कुणी छान म्हणालं नाही.

पहिले तीन महिने आईने मला
डिंक, अळीव, खारीक, तूप यांनी लिंपलं.
जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाला आवळायची
आणि वर म्हणायची, खा, अंगावर पाजतेस.
लाडवांचा डबा भरलेला दिसला की रुसायची.
आई पनवेलला परत गेली त्याच आठवड्यात
सासूबाईंनी भाताचं पातेलं
माझ्यापासून एक वीत लांब ठेवलं.
त्या काही बोलल्या नाहीत.
वीतच बोलली.

रुजू व्हायला अठरा दिवस उरलेत.
तावडे वहिनी जिऱ्याचं पाणी सांगतात,
त्यांची बहीण म्हणते, रात्रीचं जेवणच सोड.
रात्री मी दोनला उठते, चारला, सव्वापाचला.
फ्रिजच्या उजेडात उभी राहून
गार पोळी गुळाशी खाते.
ही भूक माझी की तिची,
त्या वेळी विचारू नये.

सकाळी निसर्ग उद्यानात तीन फेऱ्या.
इथे पूर्वी कचरा टाकायचे म्हणतात,
मग वर माती पसरली, हिरवळ लावली,
आता टेकाडावर लोक प्राणायाम करतात.
त्या गोल टेकाडाकडे बघत मी चालते,
आमची जुनी ओळख असल्यासारखी.
दुसरी फेरी संपता संपता दूध भरून येतं,
ओढणी पुढे ओढते नि घराकडे वळते.
तिसरी फेरी बहुतेक वेळा हिशेबातच होते.

काल चॉकलेटी खणाचा ब्लाउज घेऊन,
चार साड्यांवर चालतो तो,
बोनकोड्यात मंजुळाबायकडे गेले.
म्हटलं, नवा नको शिवायला,
दोन महिन्यांत उतरेनच मी,
तोवर जमलं तर उसवून द्या.
तिने कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
ब्लाउज उलटा केला,
बाजूची शिवण बोटांनी चाचपली,
सुईण चाचपते तशी.
"माया हाय गो पोरी. दोन बोटं हाय."

चार वर्षांपूर्वी याच आरशापुढे
मी श्वास रोखून उभी होते,
अजून आत घ्या, अजून आत घ्या म्हणत.
तिने घेतलं.
आणि मला न सांगता कडेला
दोन बोटं दुमडून ठेवली.

ब्लेडने टाके कापले तिने.
आतली पट्टी बाहेर आली ती
अजून दुकानातल्याच रंगाची,
ना घाम पाहिलेला, ना ऊन, ना मशीन.
तिच्या शेजारी बाकीचं कापड
फिकं, नेसलं-धुतलेलं.
"जुनी भोकं दिसतील हां,
इस्त्रीनं नाय जायची."
म्हटलं, दिसू देत, मलाही आहेत.
ओठांत टाचण्या धरून ती हसली.

दंड मोजला, छाती मोजली.
आकडा मोठ्याने बोलली नाही,
वहीत लिहिला, वही मिटली.
तेवढ्यात मांडीवरच्या लेकीने टेप पकडली
आणि अठ्ठावीस की एकोणतीस,
माझ्या लग्नातल्या कमरेपाशी कुठेतरी
हिरड्या रोवल्या.
मी ओढायला गेले, सोडेना.
लाळ गळून आकडे ओले झाले.
मंजुळाबाय म्हणाली, चावू दे,
दुसरी हाय.